बोटीच्या पोटातला मॉट

कुत्रा एमलिनचा होता, हे ग्लेनिसला कुणी सांगायची गरज नव्हती. कुत्राच तिला रोज सांगायचा. तिने वाटी पुढे ठेवली की मॉट आधी तिच्या हाताकडे बघायचा, मग वाटीकडे, आणि उठून टेबलाखाली जाऊन तिच्याकडे पाठ करून पडायचा. ती झोपायला गेली की मात्र वाटी चाटूनपुसून लख्ख. खायचं तिच्या हातचं, पण उपकार नकोत, असा सगळा मामला होता.

एमलिनला, तिच्या नवऱ्याला, जाऊन चौदा महिने झाले होते. एकोणीस वर्षं दोघांनी दर शरद ऋतूत पांढरी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, काढून, बोटीतून समुद्र ओलांडून फ्रान्स गाठलं होतं. शेवटची नऊ वर्षं मॉटही बरोबर असायचा. यंदा ग्लेनिस एकटी निघते म्हटल्यावर ब्रेकन या तिच्या गावातल्या गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी तिला शहाणपण शिकवलं. अडुसष्टाव्या वर्षी एवढी धूड गाडी झेपेल का, परदेशात उलट्या बाजूने चालवायची, रस्त्यात काही झालं म्हणजे? ग्लेनिसने सगळं ऐकून घेतलं आणि पाण्याची टाकी भरायला लागली. तिचा हिशोब वेगळाच होता. ब्रेकनच्या घरात वरचा मजला आहे, मागचं अंगण आहे, एमलिनची शेड आहे. कुत्र्याला रुसून बसायला जागाच जागा. सहा मीटरच्या गाडीत रुसून जाणार कुठे? कधी ना कधी तोंड वळवावंच लागेल.

मॉटने नाही वळवलं. सहा आठवडे झाले, ब्रिटनीचा किनारा झाला, खाली नदीकाठची गावं झाली, पण पालथ्या घड्यावर पाणी. ती बाजारात गेली तर हा डोकंही वर करायचा नाही. परत आली तरी तसाच. फिरायला न्यायची तेव्हा पट्टा ताणून चार पावलं पुढे चालायचा, जणू मागची बाई योगायोगाने त्याच रस्त्याने निघाली आहे. रात्री ग्लेनिस पलंगावरून खाली हात सोडून ठेवायची. एकदा तरी नाक लागेल, असं तिला वाटायचं. सकाळी हात तेवढा आखडलेला असायचा.

आणि एकटीने मोटरहोम मागे घेणं म्हणजे काय असतं, ते तिला यंदा कळलं. आजवर तीच मागे उभी राहून ओरडायची, "ये, ये, अजून ये, थांब म्हटलं ना!" आणि एमलिन आरशातून तोंड वेंगाडायचा. आता थांब म्हणायलाच कुणी नव्हतं. एका गावात तिने नळाच्या खांबावर गाडीचा मागचा दिवा आपटला आणि खाली उतरून तो खांब बघत कितीतरी वेळ उभी राहिली. शेजारच्या गाडीतला डच नवरा आणि डच बायको मदतीला आले, दोघांनी मिळून दिव्याला चिकटपट्टी लावली, आणि मग एकमेकांशी कुजबुजत आपल्या गाडीत गेले. त्या कुजबुजीचा तिला दिव्यापेक्षा जास्त त्रास झाला.

परतीच्या आदल्या दिवशी मुलीचा, नेस्ताचा, फोन आला.

"आई, आयवरकाका विचारतायत. उद्या संध्याकाळपर्यंत त्यांना काय ते सांगायला हवं. शेजारचा माणूस त्याचा शिकवलेला कुत्रा देतोय. मॉट येणार असेल तर काका त्याला नाही म्हणतील."

आयवर म्हणजे ग्लेनिसचा धाकटा दीर. डोंगरावर त्याचं मेंढ्यांचं शेत होतं, आणि मॉट मूळचा तिथलाच.

"बघते," ग्लेनिस म्हणाली.

"बघते काय? सहा आठवडे बघतेच आहेस. त्याला तिथे शेत आहे, मेंढ्या आहेत, दिवसभर धावायला मिळेल. तुझ्याकडे काय आहे? सोफा."

"सोफ्यावरही येत नाही तो."

"मग मी तेच म्हणतेय ना! त्याचंही भलं, तुझंही भलं. बाबांसाठी म्हणून किती दिवस ओढून धरणार?"

बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून तर ते लागलं. बोटीवरून उद्या फोन करते, असं सांगून ग्लेनिसने फोन ठेवला. टेबलाखाली पाठ दिसत होती, काळी, मध्ये पांढरा पट्टा. "काय रे," ती म्हणाली, "जातोस डोंगरावर?"

दुसऱ्या दिवशी बंदरावर तिने कुत्र्याचे कागद खिडकीतून आत दिले. परत मायदेशी नेताना एक ते पाच दिवस आधी डॉक्टरकडून जंताची गोळी आणि शिक्का हवा असतो. हे सगळं एमलिन बघायचा, पण तिने बिनचूक करून घेतलं होतं. खिडकीतल्या बाईने कुत्र्याच्या कातडीखालची ओळखीची चिप वाचायचं यंत्र तिच्या हातात दिलं. ग्लेनिसने ते मॉटच्या मानेवरून फिरवलं, यंत्र वाजलं, आणि मॉटने अंग झटकलं.

सहा तासांचा प्रवास. या बोटीवर कुत्रे खाली गाड्यांच्या डेकवर, आपापल्या गाडीतच राहतात. माणसांनी वर जायचं, आणि बोट निघाली की खालची दारं बंद. किनारा येईपर्यंत कुणाला खाली सोडत नाहीत. फक्त एक अपवाद असतो, आणि ग्लेनिसच्या डोक्यात रात्रभर तोच घोळत होता.

गाडीच्या अलार्मला एक आतला डोळा असतो. कुलूप लावल्यावर आत काही हललं की भोंगा सुरू होतो. कुत्रा आत असेल तर तो डोळा आठवणीने बंद करावा लागतो. मॉट पिल्लू असताना, पहिल्याच फेरीला, एमलिन ते विसरला होता. त्या वेळची बोट छोटी होती. अर्ध्या तासात कर्ण्यावरून "मस्यो प्रॉबर्ट, मस्यो प्रॉबर्ट" असा फ्रेंचमधून, श्रीयुत लावून त्याच्या आडनावाचा पुकारा झाला, आणि एमलिन कान लाल करून खाली पळाला. एमलिन दिसेनासा झाला म्हणून मॉटने आत या खिडकीतून त्या खिडकीत उड्यांचा धुमाकूळ घातला होता. पुढे कितीतरी वर्षं एमलिन काही विसरला की ग्लेनिस त्याला मस्यो प्रॉबर्ट म्हणायची.

तर तिने ठरवलं की आज डोळा चालू ठेवायचा. मॉट हलला, उठला, तिला शोधायला लागला, तर भोंगा वाजेल आणि पुकारा होईल. नाही झाला, तर नेस्ताला काय सांगायचं ते ठरलंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे तिला कळत होतं. पण कुत्र्याला तोंडाने विचारता येत नाही, आणि आयवरला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

नारिंगी जाकिटातला एक पोक्त फ्रेंच खलाशी गाड्या लावून घेत होता. त्याने तिची गाडी अगदी भिंतीला चिकटवून घेतली आणि खिडकीशी वाकून विचारलं, "मादाम, अलार्म बंद?"

"बंद," ग्लेनिस म्हणाली. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात ती उरलेल्या भाजीबद्दलसुद्धा मुलांशी खोटं बोलली नव्हती. तिने मॉटसाठी पाणी ठेवलं, "येते हं" म्हणाली आणि दार लावलं. आतून काही आवाज आला नाही.

वर तिने चहा आणि बटाट्याचे गरमागरम, बोटाएवढे जाड चिप्स घेतले आणि कर्ण्याच्या खाली, बरोबर खाली, टेबल धरलं. पाच मिनिटांत एक जोडपं ट्रे घेऊन समोर उभं.

"बसू का? सगळीकडे फुल आहे. तुमचीही मोटरहोम ना? किल्लीवरून ओळखलं. मी डेरेक, ही जून. स्टॉकपोर्टचे. आम्ही स्पेनपर्यंत जाऊन आलो, आणि हिने एकदाही नकाशा सरळ धरला नाही."

"नकाशा सरळच होता," जून म्हणाली, "हे वाकडे चालवतात."

दोघं बसली. डेरेकने विचारलं, "आणि तुमचे मिस्टर?"

ग्लेनिसने तोंड उघडलं, आणि जे बाहेर पडलं त्याचं तिलाच नवल वाटलं. "बाहेर डेकवर आहेत. त्यांना वाऱ्यात उभं राहायला आवडतं."

"मग येतील गारठून," डेरेक म्हणाला आणि एक खुर्ची रिकामी करून त्यावरचा आपला कोट बायकोच्या मांडीवर ठेवला.

तासभर झाला असेल नसेल, डोक्यावरचा कर्णा खरखरला. ग्लेनिसच्या हातातला काटा थांबला. आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत एक बाई सांगत होती: गाडी क्रमांक सी एक्स शून्य आठ, व्ही डब्ल्यू टी, मालकाने कृपया माहिती कक्षात यावं, गाडीचा अलार्म वाजतो आहे. ग्लेनिसने श्वास सोडला. प्रॉबर्ट नव्हतं. कुणाचा तरी नंबर होता.

"घ्या," डेरेक खूश झाला, "पहिला बकरा सापडला! दर फेरीला एक तरी असतोच."

"मागच्या वर्षी तुम्हीच होतात," जून म्हणाली.

"ती गोष्ट वेगळी. ते बटण खराब होतं."

आपला तो बाब्या, ही रीत स्टॉकपोर्टलाही असते. ग्लेनिस हसली. मग तिने घड्याळाकडे पाहिलं. मॉट झोपला असेल. मॉटला झोप छान लागते.

वीस मिनिटांनी पुन्हा तोच पुकारा, तोच नंबर. अर्ध्या तासाने पुन्हा. बाईच्या आवाजातलं 'कृपया' आता जरा कडक झालं होतं. आसपासच्या टेबलांवर लोक हसायला लागले. डेरेकला तर ऊत आला.

"हा मालक बहिरा आहे की बारमध्ये आडवा झालाय?"

"नाहीतर बायकोला सांगत असेल, आपला नंबर नव्हेच तो," जून म्हणाली.

"काय पण माणसं असतात," ग्लेनिसही म्हणाली. "आपली गाडी खाली बोंबलतेय आणि हे खुशाल खात बसलेत." तिने शेवटचे गार चिप्स व्हिनेगरमध्ये बुडवून खाल्ले. तिघंही हसली. सहा आठवड्यांत माणसांबरोबर बसून ती पहिल्यांदाच हसत होती, आणि त्या हसण्यातही एक कान तिने वर लावून ठेवला होता. प्रॉबर्ट म्हणा, ती मनात म्हणत होती. एकदा म्हणा.

चौथ्यांदा पुकारा झाला. मग पाचव्यांदा. प्रॉबर्ट काही कुणी म्हटलं नाही.

दुपार उतरली. डेरेकने तिसऱ्यांदा दाराकडे पाहिलं. "तुमचे मिस्टर अजून बाहेरच? मी जाऊन आणू का? एकटाच उभा असेल बिचारा."

"नको नको, मीच बघते," म्हणत ग्लेनिस उठली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हा भला माणूस डेकभर एमलिनला शोधत फिरेल, हे चित्र तिला सोसवेना.

डेकवर वारा होता आणि माणूस नव्हता. कठड्याला धरून ती उभी राहिली. एमलिन खरंच इथे उभा राहायचा, याच बाजूला, आणि इंग्लंड दिसायला लागलं की म्हणायचा, "चला, पाऊस आपली वाट बघतोय." आता किनारा दिसत होता, राखाडी, आणि पाऊसही होता. ती खोटं बोलली होती, आणि त्या खोट्याच्या शोधात स्वतःच बाहेर येऊन उभी होती. एवढं एकटं तिला एमलिनच्या दफनाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान आलेल्या माणसांसाठी सँडविच कापायचे होते.

पाच तास झाले होते. एवढ्या वेळात कुत्रा कूस तरी बदलतो. पण त्याला पाठ करून निश्चल पडायची सवयच होती ना. ती गेली काय, आली काय.

फोनला रेंज आली. तिने नेस्ताला लावला.

"आयवरला सांग, मॉटला ने म्हणावं."

नेस्ता म्हणाली, "बरं केलंस. शहाणी गं माझी आई." औषध प्यायलेल्या पोराला म्हणावं तसं. "मी लगेच कळवते त्यांना. रविवारीच येतील न्यायला. तुला नंतर बरं वाटेल, बघ."

"हो," ग्लेनिस म्हणाली.

गाड्यांकडे जायची सूचना झाली तेव्हा ती मुद्दाम गर्दीच्या शेवटी राहिली. डेरेक-जून भेटायला नको होते. लोखंडी जिने उतरत माणसं खाली चालली होती, आणि चौथ्या डेकचं जाड दार उघडलं तसा भोंग्याचा आवाज अंगावर आला. आखडलेला, घसा बसल्यासारखा भोंगा. अर्धा मिनिट वाजायचा, थांबायचा, पुन्हा सुरू.

"बाप रे, अजून चालूच आहे," पुढची बाई कान झाकत म्हणाली.

बिचारा, ग्लेनिसच्या मनात आलं, कुणाचा कोण. ती गाड्यांच्या रांगांमधून आडवी होत आपल्या भिंतीकडे निघाली. आवाज वाढला. लाल व्हॅन ओलांडली, आवाज आणखी वाढला. ट्रेलरच्या पलीकडे वळली, तर आवाज थेट तोंडावर. तिची पावलं आपोआप मंदावली. भिंतीला लागून पांढरी मोटरहोम होती. तिचे चारही दिवे लुकलुकत होते, एक दिवा चिकटपट्टीच्या आतून. आणि शेजारी तो नारिंगी जाकिटवाला खलाशी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता.

"मादाम! ही तुमची?"

तिने मान हलवली.

"पाच वेळा! पाच वेळा पुकारलं आम्ही!" त्याने वाकून नंबरपाटीवर बोट आपटलं. "सी एक्स शून्य आठ, व्ही डब्ल्यू टी. तुमचाच ना हा नंबर? कुठे होतात?"

ग्लेनिसने पाटी वाचली. एकोणीस वर्षांपैकी शेवटची अकरा वर्षं हीच गाडी होती, आणि तिने ती पाटी आज पहिल्यांदा वाचली. नंबर एमलिनला पाठ होता. या सहा आठवड्यांत कुठे फॉर्म भरायचा झाला तर ती गाडीतल्या कागदावरून उतरवून घ्यायची आणि विसरून जायची. नावाने बोलावतील, असं धरून ती बसली होती. छोट्या बोटीवर नावाने बोलावलं होतं म्हणून.

"मी वर होते," ती म्हणाली. "मी ऐकत होते."

खलाशाला अर्थ लागला नाही. पण तिचा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. "दीड-दोन तास मी त्याच्याशी खिडकीतून बोललो, मादाम. बिस्किट दाखवलं. गाणंसुद्धा म्हटलं. ऐकेना. सारखा दारावर धावून येतो, जिथून तुम्ही उतरलात ना, त्या दारावर."

किल्ली दोनदा चुकली. दार उघडलं. भोंगा बंद झाला.

मॉट दाराशीच होता. दाराच्या आतल्या अस्तराच्या चिंध्या झाल्या होत्या, पाण्याचं भांडं उपडं पडलं होतं, पुढच्या एका पंजाचं नख तुटून रक्त आलं होतं. तिला बघून त्याने भुंकायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं, मान पुढे काढून, सगळं अंग गोळा करून. नुसती हवा आली. घसा पार गेला होता.

"ओरड," ग्लेनिस म्हणाली. ती पायरीवरच गुडघ्यांवर बसली होती. "ओरड रे राजा, ओरड माझ्यावर. हाणून ओरड."

तो आवाजाविना भुंकत राहिला, तिच्या तोंडावर, अगदी जवळून, रागाने. आणि मग थकून त्याने डोकं तिच्या कोटात खुपसलं. तो बोटीच्या घरघरीला घाबरला होता की तिच्यासाठी ओरडत होता, हे त्याचं त्यालाच ठाऊक. नेस्ता म्हणालीच असती, घाबरला असेल, कुत्राच तो. पण पंजाचं रक्त तिच्या बाहीला लागत होतं, आणि दार तिचं होतं.

बोटीचं तोंड उघडलं. समोरच्या गाड्या निघाल्या आणि मागच्यांनी हॉर्न धरले. ग्लेनिस मॉटला धरून पायरीवरच बसली होती. खलाशाने एक नजर तिच्याकडे टाकली, रांगेच्या पुढे जाऊन तळहात उंच केला, आणि सगळ्यांना थोपवून धरलं. एका ट्रकवाल्याने खिडकीतून काहीतरी शिवी दिली. खलाशाने त्याला फ्रेंचमध्ये सव्याज परत केली.

बंदराच्या बाहेर पहिल्याच थांब्यावर तिने गाडी बाजूला घेतली. मॉट शेजारच्या सीटवर पंजा चाटत होता. पंजा झाला की तिची बाही चाटत होता. तिने फोन लावला.

"आयवरला सांग, नको येऊस."

"आई! अगं, त्यांनी शेजाऱ्याला 'कुत्रा नको' म्हणून कळवलंसुद्धा. आता कसं सांगू? चिडतील ते."

"चिडू दे. मी येऊन माफी मागेन."

"पण झालं काय? दोन तासांपूर्वी तर तू..."

काचेवर पाऊस पडत होता. ग्लेनिसने सांगायचा प्रयत्न केला, अलार्म, नंबर, कर्णा, आणि सगळं चुकीच्या क्रमाने बाहेर आलं. पलीकडे नेस्ता "कसला नंबर?" विचारत राहिली.

"तो मला बोलवत होता गं," ग्लेनिस म्हणाली. "सबंध बोटीला ऐकू येत होतं. आणि मी वर बसून सगळ्यांबरोबर हसत होते."